इंदूरहून कॅमेरा घेऊन निघताना: घाट, तलाव आणि नातेवाइकांचं घर

इंदूरच्या मराठी घरातून कॅमेरा सहसा एकटा बाहेर पडत नाही. महेश्वरला जायचं तर सोबत आई-बाबा, पुण्याहून आलेली आत्या, दोन भाचरं आणि डब्यात पुऱ्या-बटाट्याची भाजी असते. मांडूला निघालं तर वाटेत धारच्या मामांकडे चहा ठरलेलाच. अशा सहलीत दिवसभर फोटोंच्या मागे लागलं की घरचे वैतागतात आणि फोटोही धड होत नाहीत. त्यापेक्षा दिवसातले दोन तास आधीच मागून घ्यावेत. ते दोन तास ऊन बघून निवडावेत. उरलेल्या वेळात कॅमेरा असा लावून ठेवावा की गळ्यातून उचलला आणि बटण दाबलं, एवढ्यावर काम भागलं पाहिजे. पुढचा सगळा हिशेब याच धोरणाने मांडला आहे.

बॅग आणि गळ्यातला कॅमेरा

क्रॉप सेन्सरचा (३५ मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सर असलेला) कोणताही कॅमेरा, त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ लेन्स आणि ३५ किंवा ५० मिमीची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं) एवढ्यावर घरची सहल उत्तम होते. पक्ष्यांचा बेत असेल तरच ५५-२५० किंवा ७०-३०० घ्यावी. पाच किलोची पाठपिशवी अडकवलेला माणूस घाटाच्या पायऱ्यांवर आजीचा हात धरू शकत नाही, हे लक्षात ठेवून सामान काढावं. दोन बॅटऱ्या, एका मोठ्या कार्डाऐवजी ६४ जीबीची दोन कार्डं, ब्लोअर, मऊ कापड आणि हॉटेलात मिळते ती प्लास्टिकची शॉवर कॅप. ही कॅप अचानक आलेल्या सरीत कॅमेऱ्यावर बरोबर बसते.

गळ्यातल्या कॅमेऱ्यासाठी ॲपर्चर प्रायॉरिटी (भोक आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एफ ५.६ आणि ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच वाढवतो) ठेवावा. आयएसओची कमाल मर्यादा ६४०० (कॅमेरा दहा-बारा वर्षं जुना असेल तर ३२००). मग मेन्यूत शिरून किमान शटर (शटर जास्तीत जास्त किती वेळ उघडं राहील ती मर्यादा) शोधावं आणि ते १/२५० सेकंद करावं. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते १/६० च्या आसपास आलेलं असतं आणि घरच्या फोटोंची माती होते ती नेमकी इथे. लेन्स जेवढ्या मिलीमीटरची, तेवढ्या भागाचं शटर हा जुना नियम (क्रॉप सेन्सरवर दीडपट, म्हणजे ५० मिमीला साधारण १/८०) फक्त आपला हात हलण्यापासून वाचवतो. समोरचं भाचरू हललं तर तो नियम काही करू शकत नाही. चालत्या माणसाला १/२५० पुरतं, पळणाऱ्या मुलांना १/५०० ते १/१००० लागतं. फाईल रॉ (न दाबलेली, नंतर सुधारता येणारी) आणि जेपेग दोन्ही ठेवाव्यात. जेपेग त्याच संध्याकाळी घरच्यांना पाठवता येतात, म्हणजे रात्री अकरा वाजता मावशीचा फोन येत नाही.

ऊन कुठून येणार

इंदुरात डिसेंबरअखेर सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि पावणेसहाला मावळतो. जूनअखेर हीच वेळ सकाळी पावणेसहाच्या जरा आधीची आणि संध्याकाळी सव्वासातची. वेळ मोबाइलमध्ये दिसतेच, पण दिशेकडे कुणी बघत नाही. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. मोजायची सोपी रीत: हात पूर्ण लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. मोबाइलच्या होकायंत्रावर पूर्व काढायची, तिथून अडीच मुठी उजवीकडे गेलं की डिसेंबरचा सूर्योदय, डावीकडे गेलं की जूनचा. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेच्या आसपास सूर्य बरोबर पूर्वेला असतो. ज्या वास्तूचा फोटो हवा तिचं तोंड कुठे आहे हे आदल्या रात्री नकाशाच्या उपग्रह चित्रावर बघून ठेवावं. पाच मिनिटांचं काम आहे, पण सहलीचं वेळापत्रक यावरच ठरतं.

महेश्वर

हा हिशेब सगळ्यात स्पष्ट दिसतो तो महेश्वरला. नर्मदा इथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि किल्ला, घाट, अहिल्येश्वराचं देऊळ हे सगळं उत्तर तीरावर. म्हणजे घाटाचं तोंड दक्षिणेला. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयाचं ऊन या भिंतीवर समोरून न पडता बाजूने घासत जातं. अशा उन्हात दगडावरचं कोरीवकाम उठून येतं, कारण प्रत्येक उंचवट्याची सावली शेजारच्या खोबणीत पडते. विठोजीराव होळकरांच्या छत्रीच्या (स्मारकाच्या) जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. तिच्यासाठी दक्षिणमुखी बाजूला हीच वेळ. तोच हत्ती दुपारी बारा वाजता सपाट दिसतो.

जूनमध्ये गणित उलटतं. महेश्वर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य तिथे माध्यान्हीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. घाटाच्या भिंतीला सरळ ऊन दिवसभर लागतच नाही. मे-जूनच्या सुट्टीत काढलेले महेश्वरचे फोटो मळकट का येतात आणि मागचं आकाश पांढरं का पडतं, याचं कारण हे आहे. त्या दिवसांत किल्ल्याची भिंत सोडून द्यावी आणि सावलीतल्या पायऱ्या, माणसं, नावा यांचे फोटो काढावेत.

इंदूर-महेश्वर अंतर सुमारे ९० किलोमीटर, रस्त्याला दोन-अडीच तास. सूर्योदय गाठायचा तर पहाटे चारला निघावं लागतं आणि वडीलधारी सोबत असतील तर तो बेत फसतोच. पण हिवाळ्यात सूर्य मावळतोही पश्चिमेच्या २५ अंश दक्षिणेला, म्हणजे सकाळचंच घासतं ऊन संध्याकाळी दुसऱ्या बाजूने मिळतं. तेव्हा एका दिवसाची सहल असेल तर असं करावं: सकाळी आठला पोहे-जिलबी खाऊन निघायचं, अकराच्या सुमारास पोचायचं, दर्शन, साड्यांची खरेदी, जेवण, वडीलधाऱ्यांची वामकुक्षी. चार ते सहा आपले दोन तास. मुक्काम असेल तर सकाळ अधिक चांगली, कारण घाट धुतलेला आणि मोकळा असतो.

त्या दोन तासांतला पहिला अर्धा तास पायऱ्यांवर घालवावा. किल्ल्याची पूर्ण दर्शनी बाजू घाटावरून मावत नाही. १८ मिमीने कॅमेरा वर करून काढली तर बुरूज मागे पडल्यासारखे दिसतात. त्यासाठी पाण्यातून, लांबून काढायला हवं. नदीच्या पात्रातल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत नावा जातात, घरच्यांनाही ती फेरी आवडते. नावेत तिपाई (ट्रायपॉड) निरुपयोगी. शटर १/५०० च्या खाली नेऊ नये. कोपरं नावेच्या कडेवर टेकवू नयेत, इंजिनाची थरथर सरळ कॅमेऱ्यात उतरते. कोपरं पोटाशी घट्ट धरावीत. पडद्यावर जाळीच्या रेषा चालू ठेवून पाण्याची रेषा सरळ आहे का ते बघत राहावं, कारण डुलत्या नावेत हमखास तिरका फोटो येतो. नावाड्याला किनाऱ्यापासून साधारण दीडशे मीटरवर इंजिन बंद करायला सांगावं. दोन मिनिटं पुरतात, बहुतेक नावाडी हसत ऐकतात. इंजिन बंद झालं की पाणी निवतं आणि घाटाचं प्रतिबिंबही मिळतं. नावेत बसलेल्या आईचा फोटो काढताना मागचं चमकतं पाणी कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतं आणि चेहरा काळा येतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ करावं.

घाटावर स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो काढू नयेत, लांब लेन्सनेही नाही. पूजा सांगणाऱ्या गुरुजींना आधी विचारावं.

हातमागाच्या खोल्या दुपारच्या कडक उन्हाच्या वेळेसाठी राखून ठेवाव्यात, कारण तिथला उजेड बाजूच्या खिडकीतून येतो आणि बाहेर ऊन कडक असलं की आत उलट छान पसरतो. परवानगी घ्यायची, फ्लॅश वापरायचा नाही, पाय ताणलेल्या सुताला लागू द्यायचा नाही. शटर १/३० ठेवून सलग आठ-दहा फोटो काढावेत. धोटा (आडवं सूत नेणारा) एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना पुसट रेघ उमटते आणि त्यातल्या दोन-तीन फोटोंत तरी विणकराचा चेहरा स्थिर सापडतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवला तर समोर लाल ताणा (मागावरचे उभे धागे) आला की बाकी सगळं निळसर होतं. तो ‘सावली’वर पक्का करावा, म्हणजे साडीचा रंग साडीचाच राहतो.

सिरपूर आणि यशवंत सागर

पक्ष्यांसाठी लांब जायची गरज नाही. धार रोडवरचा सिरपूर तलाव आणि हातोदच्या बाजूचा यशवंत सागर, दोघांनाही २०२२ साली रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही रामसर करारानुसार मान्यता मिळालेली भारतातली पहिली दोन पाणथळ-शहरं ठरली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. सिरपूरला वारकरी, टिबुकली, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, पाणकावळे आणि नाना तऱ्हेचे बगळे दिसतात. थंडीत थापट्या आणि तलवार बदकंही उतरतात.

सूर्य उगवायच्या सुमारास पोचावं आणि काठाने चालत सूर्य आपल्या पाठीशी येईल अशी जागा धरावी. मग बसावं. उभ्या माणसाने वरून काढलेलं बदक पाण्यावर चिकटवल्यासारखं दिसतं. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणला की मागचा काठ लांब जाऊन विरघळतो आणि पक्षी सुटा होतो. पक्ष्याकडे सरळ चालत जाऊ नये, तिरकं, थांबत थांबत जावं. पोहणाऱ्या बदकांनी माना ताठ केल्या आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली की तिथेच थांबायचं. आणखी दोन पावलं टाकली तर थवा उडतो, आणि उडालेला थवा काठाजवळ लवकर परत येत नाही.

लेन्स ३०० मिमीवर, ॲपर्चर सगळ्यात मोठं किंवा त्याहून एक पायरी कमी, फोकस सलग, कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू. बसलेल्या पक्ष्याला १/५००, पोहणाऱ्याला १/८००, उडत्याला १/२०००. पाणवनस्पतीत लपलेल्या पाणकोंबडीवर रुंद फोकस क्षेत्र ठेवलं तर कॅमेरा पुढची पाती पकडतो. तिथे एकच मधला बिंदू वापरावा. काळपट पाण्यावर पांढरा बगळा असेल तर एक्स्पोजर −०.७ ते −१ करावं, नाहीतर पिसं जळून चुन्यासारखी दिसतात. पांढऱ्या आकाशावर उडता पाणकावळा असेल तर +१ करावं.

नऊ-साडेनऊनंतर लांबच्या पक्ष्यांचे फोटो कितीही प्रयत्न केले तरी मऊ, म्हणजे किंचित पुसट येतात. तेव्हा लेन्सला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी आणि जमीन वेगवेगळी तापल्याने मधली हवा थरथरते आणि लांब लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते. मग जवळचे पक्षी बघावेत किंवा मुलांना दुर्बीण द्यावी. ८×४० ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी पुरते. त्याहून जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण लहान हातात हलते आणि मूल दोन मिनिटांत कंटाळतं. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावणं आणि घरट्याजवळ जाणं दोन्ही टाळावं.

यशवंत सागर १९३९ साली गंभीर नदीवर बांधला गेला. त्याच्या आसपासच्या शेतांत सारसाची जोडी दिसू शकते. उभा सारस १.८ मीटरपर्यंत उंच भरतो, त्यामुळे लांबूनही ओळखू येतो. इथे गाडीतून उतरू नये. पक्षी गाडीला फारसे बिचकत नाहीत, पण दार उघडून माणूस उतरला की चालू लागतात. इंजिन बंद करावं, काच अर्धी खाली घ्यावी, काचेच्या कडेवर मूग किंवा तांदूळ भरलेली दोन किलोची कापडी पिशवी ठेवावी आणि तिच्यावर लेन्स टेकवावी. पिशवी काठोकाठ भरू नये. पाऊण भरली की लेन्स नीट रुतते. परतीच्या वाटेवर बॅकवॉटरजवळचं गुलावट लागू शकतं. तिथली कमळं बघायची तर सकाळीच जावं, ऊन चढलं की ती मिटू लागतात.

पावसाळा

मांडू आणि पाताळपाणी पावसातच बघायचे. महूजवळ चोरल नदीवरचा पाताळपाणी धबधबा सुमारे ३०० फूट खाली कोसळतो. पाण्याचा रेशमी पदर हवा असेल तर शटर १/४ ते १/२ सेकंद, एफ ११, आयएसओ १०० आणि तिपाई. त्याहून लांब शटर दिलं तर पाण्याचा पोत जाऊन पांढरा गोळा उरतो. सर्क्युलर पोलरायझर फिरवून ओल्या खडकांची चकाकी मारावी, हिरवा रंग लगेच गडद होतो. पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), इथे तेही कामाचं. प्रत्येक फोटोनंतर लेन्सची काच बघावी, एक थेंबही फोटोत मोठा डाग होऊन येतो.

तिपाई कठड्याच्या आतच लावायची. वर डोंगरात पाऊस झाला की इथलं पाणी काही मिनिटांत वाढतं, इथे ऊन असतानाही. २०११ च्या जुलैत सहलीला आलेलं एक कुटुंब असंच पात्रात अडकून वाहून गेलं होतं. पात्रातल्या खडकावर उभं राहून काढलेला फोटो वरून काढलेल्या फोटोपेक्षा चांगला येतो असंही नाही.

मांडूला ढग जमिनीवर उतरतात तेव्हा दोन गोष्टी बिघडतात. मीटर पांढऱ्या धुक्याला करडं करून टाकतो, म्हणून +०.७ ते +१. आणि फोकस पुढे-मागे भटकत राहतो, कारण त्याला धरायला ठळक कड सापडत नाही. मग जवळच्या गोरखचिंचेच्या खोडावर किंवा कमानीच्या कडेवर फोकस घेऊन तो तिथेच रोखून ठेवावा. जहाज महाल मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधे उभा आहे. जहाज दिसायचं तर दोन्हीकडे पाणी हवं, म्हणून ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ जुलैपेक्षा चांगला. तवेली महालाच्या बाजूने बघितलं की इमारतीची लांबी आणि दोन्ही तलाव एकत्र येतात. रूपमती मंडपाला दुपारनंतर जावं, खाली निमाडचा प्रदेश पसरलेला दिसतो. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिपाईला आधी परवानगी लागते, आणि ड्रोन घरीच ठेवावा.

गाडीतल्या एसीमधून कॅमेरा दमट हवेत काढला की आत-बाहेर वाफ धरते. बाहेरची पुसता येते, आतली नाही. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करावा किंवा कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून तेवढा वेळ थांबावं. घाईने लेन्स बदलली की दमट हवा सेन्सरपर्यंत पोचते.

घरी आल्यावर खरा शत्रू बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेवर दिसू लागले की खर्च आलाच. चामड्याच्या मूळ केसमध्ये कॅमेरा ठेवू नये, ते ओल धरून ठेवतं. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. फार खाली गेला तर रबर आणि वंगण कोरडं पडतं. जेल नारिंगी रंगाचं घ्यावं, ओल पिऊन ते हिरवट होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकघरात आणू नये. नारिंगी जेल वेगळ्या, खाण्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घालावं.

नातेवाइकांच्या घरी

लोकमान्य नगरातल्या काकूंकडे गेलं की दिवाणखान्यातला ट्यूबलाइट लावला जातो आणि सगळे सोफ्यावर ओळीने बसतात. तो फोटो काढावा, पण त्याच्यावर थांबू नये. वरून येणाऱ्या ट्यूबच्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. आजींना खिडकीपासून तीन फुटांवर, खिडकीकडे अर्धवट तोंड करून बसवावं. आतले सगळे दिवे बंद. खिडकीतून सरळ ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा किंवा धुतलेलं धोतर लावावं. दुसऱ्या गालावर फार अंधार वाटला तर त्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर धरून उभं करावं. चादर जवळ आणली की सावली उजळते, किती उजळायची ते चेहरा बघून ठरवावं. ५० मिमी, एफ ४, शटर किमान १/१२५. एफ १.८ चा मोह आवरावा: दीड मीटरवरून त्यात जेमतेम सहा सेंटीमीटर खोली स्पष्ट येते, जवळचा डोळा नीट आणि लांबचा पुसट. चष्म्यात खिडकी दिसत असेल तर चष्म्याच्या काड्या कानांवर जराशा वर उचलाव्यात, काच किंचित खाली झुकते आणि चकाकी जाते. आणि हातात काहीतरी काम द्यावं. तांदूळ निवडणं, वाती वळणं, काहीही. कॅमेऱ्याकडे बघून ताठ झालेला माणूस हाताला काम मिळालं की दोन मिनिटांत सैल होतो.

गौरी-गणपतीत एलईडीच्या माळा आल्या की फोटोत आडवे काळे पट्टे दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुधा जातात. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर ते वाढतात. त्या वेळी मेकॅनिकल शटर लावावं. आरतीला फ्लॅश अजिबात नको, निरांजनाचा सगळा उजेड त्यात मरतो. एफ २, १/१००, आयएसओ ३२००, एक्स्पोजर −०.७, आणि तबक चेहऱ्याजवळून फिरतं तो क्षण.

सगळ्यांचा एकत्र फोटो उघड्या सावलीत, अंगणात घ्यावा. मोठी माणसं खुर्च्यांवर, मुलं पुढे सतरंजीवर, उंच मंडळी मागे. लेन्स १८ वर नेऊ नये, कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात. चार-पाच पावलं मागे जाऊन ३५ वर काढावा. एफ ८, १/२५०, फोकस खुर्च्यांच्या रांगेवर. डोळे मिटण्याचा हिशेब असा: वीसपर्यंत माणसं असतील तर माणसांच्या संख्येला तीनने भागून येतील तेवढे फोटो, उजेड कमी असेल तर दोनने भागून. अठरा माणसांना सहा ते नऊ. सहा झाले की लोक उठायला लागतात, तेव्हा न थांबता सलग काढावेत.

याहूनही मोलाचं काम असतं कपाटातल्या जुन्या अल्बमचं. स्कॅनर सोबत नसतो आणि अल्बम कुणी घरी नेऊ देत नाही, दिला तरी नेऊ नये. तिथेच टेबल खिडकीला आडवं लावावं आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी चादर उभी करावी, म्हणजे उजेड दोन्हीकडून तिरका येतो. दिवे आणि फ्लॅश बंद. कॅमेरा तिपाईवर सरळ खाली तोंड करून, ५० मिमी, एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा फोटोला समांतर आहे का हे बघायला फोटोच्या जागी छोटा आरसा ठेवावा आणि पडद्यात बघावं. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की झालं. एरवी डोळ्यांना सरळ वाटतं, पण चौकटीची एक कड निमुळती येते. पहिल्या फोटोत शेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा, नंतर रंग त्याच्यावरून जुळवता येतात. जुन्या फोटोची पांढरी किनार त्यासाठी चालत नाही, ती पिवळी पडलेली असते.

त्रिकोणी कोपऱ्यांतले फोटो अलगद निघतात. डिंकाने चिकटवलेले असतील तर काढायला जाऊ नये, पानासकट टिपावेत. चौकटीतला फोटो काचेला चिकटलेला दिसला (कडेला ओलसर, चकचकीत डाग दिसतो) तर काच काढू नये, वरचा थर काचेबरोबर सोलून येतो. काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढावी आणि काचेसमोर धरावी, आपलं प्रतिबिंब जातं. प्रत्येक फोटोची मागची बाजूही टिपायची. नाव, साल, स्टुडिओचा शिक्का बहुतेकदा तिथेच असतो. आणि शेजारी काकूंना बसवून मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा: हा कोण, ही कुणाची मुंज, हे घर कुठलं. फोटोच्या क्रमाने बोलत गेलं की नंतर जुळवणं सोपं.

गेर आणि सराफा, थोडक्यात

रंगपंचमीच्या गेरीत (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) नवी लेन्स नेऊ नये. गुलाल कोरडा असताना ब्लोअरने उडतो, ओला झाला की लेन्सच्या कड्यात बसतो. घरूनच एक लेन्स लावून निघावं, पुढे साधा यूव्ही फिल्टर, बाकी कॅमेरा पिशवीत गुंडाळून तोंडाला रबर. दिवसभर लेन्स बदलायची नाही. पुढच्या गर्दीत शिरण्यापेक्षा राजवाड्याजवळच्या ओळखीच्या घराची गच्ची आधीच ठरवून ठेवावी. रात्रीच्या सराफ्यात (खाऊबाजारात) वरचा १/१०० चा नियम चालतो. हवेत उडवलेला दहीवडा गोठवायचा असेल तर मात्र १/८०० आणि आयएसओ ६४०० पर्यंत, पट्टे आले तर सोसावेत.

घरी परतल्यावर

कार्ड त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवावं, दोन्ही प्रती एकाच घरात ठेवू नयेत. दोन्ही प्रती उघडून बघितल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करावं, संगणकावर नाही. फोल्डरचं नाव साल-महिना-दिवस आणि गाव असं ठेवलं की आपोआप क्रमाने लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. छापायला द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

४×६ च्या छापील प्रतीसाठी १८००×१२०० पिक्सेल, ८×१२ साठी ३६००×२४०० पुरतात. मोबाइलचा फोटो ४:३ असतो. तो ४×६ वर छापताना वरखाली कापला जातो आणि मागच्या रांगेतल्या काकांचं डोकं जातं, म्हणून मोबाइलने काढताना वर मोकळी जागा सोडावी. आजच्या चकचकीत छापील कागदाच्या मागे पेन्सिल उमटत नाही. बारीक टोकाच्या पक्क्या मार्करने कडेला नावं लिहावीत, आणि पूर्ण सुकेपर्यंत फोटो एकमेकांवर ठेवू नयेत. जुन्या जाड कागदाच्या फोटोंवर मात्र मऊ पेन्सिलच वापरावी, तीही हलक्या हाताने, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.